चार मैलांचे पाच मैल

खांडबाऱ्याचा बाजार त्या दिवशी भरल्या पाट्या टाकून स्टेशनासमोर एका मोटरीभोवती लोटला होता. मोटरीच्या मडगार्डला कौसाबाई बांधली होती. साठीची विधवा, डोळ्यांत तिखट चोळलेलं, ओठ फाटलेला, आणि उजवा हात मनगटापासून भलतीकडेच वळलेला. तो हात मोटरीच्या लोखंडी ह्यांडलने मोडला होता आणि ते ह्यांडल अजून ड्रायव्हर भिलाच्या मुठीत होतं. परवाच भिलाचा लहानगा मुलगा याच मोटरीत, दवाखान्याच्या वाटेवर दगावला होता. कौसाबाई त्याची शेजारीण.

बॉनेटवर मांडी ठोकून जालमसिंग महाराज बसले होते. भिलाच्याच गावात दिवाळीनंतर त्यांनी गादी मांडली होती आणि दुखण्याखुपण्याला ते अंगारा देत.

"देखो भाई देखो! दगड काय सांगस? चार मैल! मोटरना आकडा काय सांगस? पाच! बीच का एक मैल किधर से आया? ये डाकीण रस्ता ताणती है, रबर जैसा! इसी वास्ते बच्चा दवाखाने तक पहुंचा नहीं!"

"खरं शे! खरं शे!" लोक ओरडत होते.

महाराजांनी कौसाबाईला मोटरीत बसवून स्टेशनापासून भिलाच्या गावाच्या वाटेवर, नदीकाठच्या मैलाच्या दगडापर्यंत नेलं होतं. दगडावर चार, मोटरीच्या तबकडीवर पाच. गावाने डोळ्यांनी पाहिलं होतं. सरकारी दगड एखादे वेळी चुकेल, पण विलायतेत बनलेली तबकडी कशी चुकेल? या एका समजुतीपायी सगळ्यांनी आपली अक्कल गहाण टाकली होती.

दवाखान्याची नर्स तुळशीबाई धावत आली ती थेट कौसाबाईच्या पुढ्यात उभी राहिली.

"सोडा तिला!"

"बाई, बाजूले व्हा," भिला म्हणाला. त्याचे डोळे रडून रडून सुजले होते. "मन्हा पोऱ्या हिनी खादा."

मागून एक दगड आला आणि तुळशीबाईच्या कानशिलावर बसला. रक्त मानेवरून पोलक्यात उतरलं. तिला भीती वाटली, पळून जावंसंही वाटलं. पण पाठीमागे कौसाबाई कण्हत होती, आणि आपण हललो तर पुढचा दगड कुणाला लागेल हे तिला कळत होतं.

"महाराज," ती ओरडली, "ही बाई बसली की रस्ता लांबतो ना? मग हिला उतरवून तीच वाट पुन्हा चालवा. आकडा चार आला तर मी बाजूला होते. मग काय करायचं ते करा."

लोकांना तमाशा हवाच होता. कौसाबाईचे दोर सुटले, तिला दवाखान्याच्या ओट्यावर निजवलं. भिलाने मोटर काढली. तुळशीबाई त्याच्या शेजारी बसली आणि दोघेतिघे मोटरीच्या बाजूच्या फळीवर लटकले.

नदीकाठचा दगड आला. तबकडीवर पाच मैल पडले होते. भिलाने वाकून पुन्हा पाहिलं.

परत आल्यावर हे ऐकून महाराज बॉनेटवर उभेच राहिले. "छाया! डाकीण की छाया सीट पर रह गयी!"

"बसली तरी पाच, उतरली तरी पाच," तुळशीबाई म्हणाली. "मग तिने केलं काय?"

गर्दीत कुणीतरी फसकन हसलं. तिला जरा धीर आला.

"भिलाभाऊ, आकडा आधी बरोबर यायचा का?"

"दिवाळीलोंग बरोबर व्हता."

"मग दिवाळीला काय झालं?"

भिलाने मोटरीच्या मालकाकडे, सुमेरमल शेठकडे पाहिलं. शेठ दुकानाच्या पायरीवर घाम पुसत उभे होते. "मोटर घाट चढत नव्हती, बाई. मागच्या आसातली दातेरी चाकं बदलून घेतली. सुरतहून मिस्त्री आणला होता."

"कोण मिस्त्री?"

शेठनी बॉनेटवरच्या महाराजांकडे बोट केलं. "हाच. तेव्हा दाढी नव्हती."

"आणि तुम्ही गप्प बसलात?"

"लोकांच्या हातात दगड होते, बाई."

जुनी चाकं दुकानात गोणपाटाखाली पडली होती. ती आणून दात दातांत अडकवले. मोठं चाक एकदा फिरलं की लहान चार वेळा फिरत होतं. मग मोटरीच्या पोटाखाली, मागच्या आसाकडे जाणाऱ्या लांब दांड्याला चिंधी बांधली, मागच्या चाकावर खडूची खूण केली आणि मोटर हळूहळू ढकलली. चाकाचा एक फेरा झाला तेव्हा चिंधी पाच वेळा फिरली होती. घटकेपूर्वी दगड मारणारेच आता ओणवे होऊन मोठ्याने मोजत होते.

"तबकडीची तार कशाला जोडलीय, भिलाभाऊ?"

"चाकले नही. त्या दांडाले."

"म्हणजे चाकामागे दांडा पूर्वी चार फेरे घ्यायचा, आता पाच घेतो. तबकडी दांड्याचे फेरे मोजते, रस्ता मोजत नाही. तारेच्या टोकाला एक लहान दातेरी चाक असणार. तेही बदललं असतं तर हिशेब जुळला असता. ते याने बदललं नाही, आणि आकडा का फुगतो हे याला पुरतं ठाऊक होतं. याचा अंगारा लावून पोर गेलं, तेव्हा दोष ढकलायला याला कुणीतरी हवं होतं!"

जालमसिंगाने उडी टाकली आणि धूम ठोकली, पण दहा पावलांत लोकांनी त्याला लोळवलं. लाथा बसल्या, दात पडले. भिलाने ह्यांडल उचललं. तुळशीबाईने ते दोन्ही हातांनी धरून ठेवलं.

"फौजदाराकडे द्या याला! सकाळी कौसामाय डाकीण होती, आता हा. मारणारे हात तेच!"

भिलाचा हात खाली आला. त्याने तबकडीवर बोट ठेवलं.

"बाई, त्या दिनले मी वेगना काटा तासले तीस मैलवर धरेल व्हता. त्यानावर न्यावानी शेठनी बंदी शे. मंजे मोटर चोवीसनीच पळत व्हती?"

खोटं सांगणं सोपं होतं. "हो," ती म्हणाली. "पण पोराचा घसा किती दिवस धरला होता? घटसर्प होता तो. तू निघालास कधी?"

"दोन दिन महाराजना अंगारा लावा, मंग निंघनू."

"रस्ता हातभरही लांबला नव्हता, भिला. तुझ्या पोराचा वेळ तिथे गेला."

भिला धुळीत बसला आणि हंबरडा फोडून रडला. मग उठून दवाखान्याच्या ओट्याकडे गेला. माफी मागायची होती त्याला. कौसाबाईला डोळ्यांनी दिसत नव्हतं, पण पावलं तिने ओळखली. तिने अंग चोरलं आणि तो मोडका हात डोक्यावर घेतला.

पुढे सुरतहून ते लहान चाक आलं आणि चार मैलांना चारच आकडे पडू लागले. कौसाबाईचा हात वाकडाच राहिला. तेव्हा बाबांनो, कुणी चमत्कार दाखवला तर आधी विचारा, हा काटा जोडलाय कशाला? ज्याच्यावर आळ आहे त्याला बाजूला करून तीच गोष्ट पुन्हा करून बघा. लेकराचा घसा धरला तर तडक दवाखाना गाठा. आणि हे सगळं हात उचलण्याच्या आधी करा.