मृणालीची फाईल सांभाळणारे कपाट

मी एक जुने लोखंडी कपाट आहे. बहारीनमध्ये, अदलियातल्या एका छोट्या कॉलेजच्या ऑफिसात, पाण्याच्या मशीनशेजारी उभे असते. माझी बिजागरी कुरकुरते, आणि मित्रांनो, आता माझा स्वभावही तसाच झाला आहे.

माझा जन्म सलमाबादच्या एका वर्कशॉपमधला. पत्रा कापला, वाकवला, वेल्डिंगच्या ठिणग्या सोसल्या, करडा रंग चढला. वाटले होते, कुणाच्या तरी घरी जाईन, साड्या सांभाळीन. नशिबी आल्या मुलांच्या फाईली. पण तेव्हाचे क्लार्क नजीबसाहेब मला फार जपत. कुलपात तेल घालत. कुणी सहज एखाद्या मुलाचा पत्ता विचारला तरी म्हणत, "बच्चों की अमानत है, भाई. उन्हीं से पूछो." मला त्यांचा अभिमान वाटे. ते निवृत्त झाले आणि किल्ली स्मितामॅडमकडे आली.

स्मितामॅडम पुण्याच्या. वाईट मुळीच नाहीत. दुःख त्याचेच आहे.

मृणाली ही कॉलेजातली त्यांची सगळ्यात लाडकी विद्यार्थिनी. वडील संतोष एसी दुरुस्त करत. घर इथल्याच नईम वस्तीत, मूळ गाव गुहागरकडचे. एका दुपारी ती खुर्चीच्या टोकावर बसून हळू आवाजात म्हणाली, "मॅडम, पप्पांच्या जुन्या कंपनीने कम्प्लेंट टाकलीय, की ते काम सोडून पळाले. खोटं आहे. सुट्टी मागितली त्याचा राग. ती कम्प्लेंट मागे घेतली जाईपर्यंत आमचा व्हिसा रिन्यू होणार नाही. नवीन जॉब मिळालाय, पण तिथे अजून सांगितलं नाही. प्लीज, कुणाला बोलू नका."

"वेडी का काय? मी कुणाला सांगणारेय?" मॅडम म्हणाल्या. व्हिसा अडकला असतानाही त्यांनी खटपट करून तिला शेवटच्या परीक्षेला बसायची परवानगी मिळवून दिली, फाईल माझ्यात ठेवली आणि किल्ली फिरवली. मीही निर्धास्त झाले.

थोड्याच दिवसांत त्यांची मैत्रीण शिवांगी हिचा फोन आला. तिला भाच्यासाठी मुलगी हवी होती. आपल्या माणसांचे तुम्हाला माहीतच आहे. समुद्र ओलांडला तरी लग्ने जुळवायची हौस सामानातून सोबत येते. मॅडमनी मला उघडले, फाईल काढली. जन्मतारीख वाचून दाखवली, जन्मगाव सांगितले, फाईलवरचा फोटो मोबाईलवर पाठवला. मृणालीला विचारले? छे. मुलीला सगळ्यात शेवटी विचारायचे, ही तर आपली रीतच.

"मुलगी सोन्यासारखी आहे गं," मॅडम म्हणाल्या. "फक्त वडिलांवर कंपनीतून पळाल्याची तक्रार आहे. खोटीच आहे, पण आधी सांगितलेलं बरं. नंतर बोभाटा नको."

शिवांगीचे यजमान नेमके संतोषच्या नव्या कंपनीत अकाउंटंट. तिने जेवताना त्यांच्या कानावर घातले, त्यांनी मॅनेजरच्या. म्हणे कंपनीच्या मिठाला जागले. प्रत्येकजण आपापले कर्तव्यच करत होता, आणि त्यात संतोषची नोकरी गेली. पुढे तक्रार खोटी ठरली, पण तोवर व्हिसा द्यायला कंपनीच उरली नव्हती. परीक्षा तोंडावर असताना सगळ्या घराला गावी परतावे लागणार होते.

मृणाली आपले मूळ दाखले घ्यायला आली. मॅडमच्या डोळ्यांत पाणी होते. "अगं, मी तुझ्या भल्यासाठीच—"

"मॅडम, आय टोल्ड ओन्ली यू," मृणाली म्हणाली. आवाज चढला नाही. मॅडमनी मान खाली घालून फाईल तिच्यापुढे ठेवली.

नंतर कॉलेजने मला नवे कुलूप बसवले. मला हसू आले. जुन्या कुलपाचे काय चुकले होते?

मित्रांनो, चोर आला असता तर मी अडवला असता. किल्लीवाल्यापुढे माझे काही चालत नाही. मला हात नाहीत, नाहीतर जोडून सांगितले असते: उद्या तुमच्याही हाती कुणाच्या तरी फाईलीची किल्ली येईल. त्याने विश्वासाने सांगितलेले त्याच्यापाशीच ठेवा. चांगल्या हेतूनेसुद्धा ते दुसऱ्याच्या घरी नेऊ नका. परक्याने घात केला तर निदान भांडता तरी येते. त्या दिवशी मृणालीच्या कॉलेज सोडल्याच्या दाखल्यावर अजून स्मितामॅडमची सही व्हायची होती. सही झाली. तिने कागद घेतला आणि म्हणाली, "थँक यू, मॅडम."