गरम मी, गार बोटं

मी एक जुना ब्रेकर आहे, मित्रांनो. रस्ते फोडतो. स्वस्थ उभं राहणं मला जन्मापासून जमलेलं नाही. कारखान्यात मला पहिल्यांदा सुरू केलं, तेव्हा शेजारच्या टेबलावरचा चहा सांडला आणि पाठोपाठ टेबलही पडलं. तपासनीस म्हणाला, उत्तम.

मला चालवणाऱ्याला सगळे ‘पक्कड’ म्हणत. मी जितका उसळे, तितका तो मला आवळे. मुकादम तर नव्या माणसांना त्याची मूठ दाखवायला आणत असे. पण मूठ आवळली की माझी थरथर हातातच शिरते. मनगटातून कोपरात, कोपरातून वर खांद्यात. तो जिंकतोय असं सगळ्यांना वाटायचं. मलाही.

मग थंडीच्या सकाळी त्याची बोटं खडूसारखी पांढरी पडू लागली. हाताला आलेल्या मुंग्या घरी मुक्कामाला जाऊ लागल्या. तो कोणाला काही सांगेना. चार वेळा हात झटकायचा आणि मला पुन्हा आवळायचा.

एकदा घरी विसरलेला डबा घेऊन त्याची बायको आली. तिने डबा त्याच्या हातात दिला. डबा खाली पडला, झाकण गडगडत गटारापर्यंत गेलं, आणि पक्कड मूठ वळून तसाच उभा. त्याच्या मते डबा हातातच होता.

बायको हळूच म्हणाली, “काल बाळाला मागत होतात. मी का दिलं नाही, कळलं?”

तेवढ्यात मुकादम ओरडत आला. मशीन तापलंय, बंद करा, जरा विसावा द्या त्याला.

“भाऊजी,” ती म्हणाली, “ते गरम झालं की विसावा. यांचे हात गार पडलेत, त्यांचं काय?”

मुकादमाने मला बंद केलं आणि खिशातून हजेरीची वही काढली. पक्कडच्या नावाखाली आणखी दोन नावं लिहिली.

तेव्हापासून मला पाळीपाळीने चालवतात. पक्कड डॉक्टरकडे जाऊन आला. थोडी संवेदना परत येईल, सगळी नाही, असं कळलं. आता त्याच्या हातांत ऊबदार हातमोजे असतात आणि तो मला सैल धरतो. मला जरा अपमान वाटतो, पण ते असो.

मित्रांनो, मला तेल द्या, फडक्याने पुसा. पण मला धरणाऱ्याला आधी विचारा, बोटं कशी आहेत? आणि तो हसला, तर पुन्हा विचारा.

परवा बायको बाळाला घेऊन आली. पक्कड जमिनीवर मांडी घालून बसला. तिने बाळ त्याच्या हातांत ठेवलं आणि खालून आपले हात लावले. थोड्या वेळाने तिने एक हात काढून घेतला.

मला बंद करून शेजारी ठेवलं होतं. आयुष्यात पहिल्यांदाच, जराही हललो नाही.