स्टुलावर बसलेल्याला विचारा

मी एक जुनं लाकडी स्टूल आहे. गारगोटीच्या ज्ञानू सुताराने मला फणसाच्या लाकडातून घडवलं आणि कोल्हापुरात गंगावेशीजवळच्या एका दवाखान्यात, डॉक्टरांच्या टेबलाशेजारी, माझी नेमणूक झाली.

मित्रांनो, आजाऱ्यांबद्दल माझी तक्रार नाही. मला तिरस्कार आहे तो त्यांच्या मागे उभं राहून बोलणाऱ्यांचा. डॉक्टर माझ्यावर बसलेल्या मुलाला विचारणार, "काय होतंय बाळा?" आणि मागून बाप बोलणार, आई बोलणार, नुसती सोबतीला आलेली शेजारीणसुद्धा बोलणार. मुलाने तोंड उघडलं की, "तू गप रे." वर हेच लोक बाहेर बाकावर बसून रडगाणं गाणार, की आमचं पोरगं चारचौघांत बोलतच नाही. बोलेल कसं? यांचं तोंड मिटलं तर ना.

१९७४ च्या दिवाळीनंतर हुपरीहून बाळासो आले. घरी चांदीचे पैंजण घडवायचा धंदा. बरोबर त्यांची लहान मुलगी विमल आणि तिची आत्या आक्का.

"डाव्या कानानं ऐकू येत न्हाय हिला," बाळासो म्हणाले. "वर्गात काय कळत न्हाय. शाळेतनं काढतोय आता."

डॉक्टरांनी कानात पाहिलं. तेलाने कान इतका भरला होता की आतलं काही दिसेना. त्यांनी विमलला विचारलं, "कधीपासून गं?"

"दसऱ्यापासनं," बाळासो म्हणाले.

"कानात काही गेलं होतं का?"

"काय न्हाय. थंडी बाधलीया," आक्का म्हणाली. "लसणाचं तेल सोडतोय की रोज."

विमल माझ्या कडा घट्ट धरून बसली होती. शाळा सुटणार म्हणून पोरीचा जीव कासावीस झाला होता. आणि ही दोन शहाणी माणसं, जणू तिचा कान यांच्याच डोक्याला लावलेला आहे, अशा थाटात उत्तरं देत होती. मला त्यांची कीव नाही आली, किळस आली.

शेवटी डॉक्टरांनी हात जोडले. "पावणं, आता तुम्ही दोघं जरा गप बसा." त्यांनी विमलला तोच प्रश्न पुन्हा विचारला आणि ते थांबले. बाळासोंनी घसा खाकरला. डॉक्टर थांबूनच राहिले.

"मणी गेलाय आत," विमल म्हणाली. "पैंजणाचा. आक्काला सांगाय गेलं, तर म्हणाली गप बस."

डॉक्टरांनी कान धुतला. चांदीचा बारीक मणी बाहेर आला. आक्काने पोरीलाच झापलं, "मग आधी बोलायचं न्हाय व्हय गं?" अशा माणसांना लाज कुठून आणून द्यायची?

"विमल, आता ऐकू येतंय का?" डॉक्टरांनी हळू आवाजात विचारलं.

"येतंय की, झ्याक," बाळासो म्हणाले.

विमल माझ्यावर बसल्या बसल्या मागे वळली. "आबा, त्यांनी मला इच्यारलंय."

मित्रांनो, आता दवाखान्यात लोखंडी स्टुलं आली आहेत आणि मी माळ्यावर धूळ खात पडलो आहे. मला कुणी पुसू नका. पण तुमच्या धाकट्या भावंडाला कुणी काही विचारलं, तर ते चाचरेल, वेळ लावेल. तेवढा वेळ तुम्ही गप्प राहा.