तीन तासांची आंघोळ

मित्रांनो, मी एक जुनी निळी टाकी आहे. दोनशे लिटरची, पोटाला एका बाजूने पोचा पडलेली. सध्या मी जिन्याखाली उपडी पडून असते आणि माझ्यावर कोणीतरी मोडकी खुर्ची ठेवली आहे. त्याचं मला काही वाटत नाही. पण एकदा माझ्यावर फार माया झाली आणि त्या मायेनेच घात केला. ते मात्र सांगितल्याशिवाय मला चैन पडायचं नाही.

माझा जन्म कारखान्यातल्या गरम साच्यात झाला. पहिली काही वर्षं माझ्यात सरबताचा पाक भरत. पुढे भंगारवाल्याच्या अंगणात ऊन खात पडले होते, तेव्हा एका तरुण मुलीने मला टिचक्या मारून पाहिलं आणि घरी आणलं. नोकरी सोडून गच्चीवर मातीविना लेट्यूस पिकवायचं खूळ तिच्या डोक्यात शिरलं होतं. आडव्या पांढऱ्या नळ्या, नळ्यांना भोकं, प्रत्येक भोकात एक रोप आणि मुळांखालून सतत वाहणारं पाणी. ते पाणी माझ्या पोटातून निघे आणि माझ्याच पोटात परत येई.

बाकीचे लोक अशा पाण्यात रासायनिक खतं विरघळवतात. हिने हट्टाने पेंड आणि गांडूळखत भिजवलं. पण मुळांना पेंड तशीच खाता येत नाही, ती आधी कोणीतरी चावून द्यावी लागते. ते काम डोळ्यांना न दिसणारे जिवाणू करतात. माझ्या भिंतींवर आणि तळाच्या खड्यांवर त्यांचा पिंगट, बुळबुळीत थर बसला होता. तो जमायला पाच आठवडे लागले. मी दिसायला ओंगळ आणि वासाला त्याहून वाईट, पण पाला असा तरारला होता की शेजारीपाजारी बघायला येत. एका मोठ्या कॅन्टीनने पहिला माल सांगूनही ठेवला होता.

घरात तिचे बाबा होते. बत्तीस वर्षं त्यांनी इस्पितळातली ऑपरेशनची खोली धुतली. "मी धुतलेल्या खोलीत एकाही पेशंटची जखम चिघळली नाही," हे ते येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवत. निवृत्त झाल्यापासून त्यांचे हात नुसते शिवशिवत. रोज जिना चढून येत आणि म्हणत, "मास्तरीणबाई, आम्हाला पण काही काम सांगा की!"

"बाबा, तुम्ही आपले बसा. आणि टाकीला हात लावू नका."

"का गं?"

"तुम्हाला नाही कळायचं ते."

पोरगी वाईट नव्हती, घाईत होती. पण बाबांचा चेहरा एवढासा झालेला मी पाहिला.

पुढे ती तीन दिवस प्रशिक्षणाला गेली. पहिल्याच सकाळी बाबा बादली, ब्रश आणि जंतुनाशक घेऊन वर आले आणि माझ्यात डोकावले. "अरे देवा, ही काय अवस्था! पोरीला वेळ मिळत नाही वाटतं. असलं पाणी पाजून लोकांना भाजी खायला घालणार?" त्यांनी मला रिकामं केलं, आडवं केलं, अर्धे आत शिरले आणि घासायला लागले. टाकीला कोपरे नसतात, असते तर तेही सुटले नसते. दुखऱ्या गुडघ्यांवर तीन तास. खडेसुद्धा एकेक करून धुतले, मला सात वेळा विसळलं. मग नवं पाणी भरून पेंडीचं पाणी मापाने ओतलं. ते माप त्यांनी लेकीचं बघून बघून पाठ केलं होतं. इतक्या प्रेमाने मला कोणीच कधी आंघोळ घातली नव्हती. मी चकाकत होते आणि माझ्यात एकही जीव उरला नव्हता.

पेंड चावून देणारे ते जिवाणू उरले नव्हते, म्हणून ती नुसतीच कुजली आणि पाणी नासलं. लेक परतली तेव्हा पानं माना टाकून होती आणि मुळं काळी पडली होती.

"बाबा, काय केलंत हे? कोणी सांगितलं होतं तुम्हाला?"

"घाण होती गं. मला वाटलं, तेवढीच तुला मदत..."

"हे इस्पितळ नाही! तुम्ही फक्त बसून राहा. तेवढं तरी जमेल ना?"

बाबा बसून राहिले. दोन महिने ते जिना चढले नाहीत. ऑपरेशनच्या खोलीची गोष्टही कोणाला सांगेनात. कॅन्टीनने दुसरा भाजीवाला धरला. लेकीने पुन्हा पहिल्यापासून थर जमवला, मग एके दिवशी बाबांना हाताला धरून वर आणलं आणि सगळं समजावलं.

"म्हणजे इस्पितळात जंतू मारायचे आणि इथे पाळायचे. असंच ना?"

"हो बाबा. असंच."

"एवढंच होतं होय."

लेक माझ्याशेजारी उकिडवी बसली. ती म्हणाली, "हात लावून बघा ना."

बाबांनी दोन्ही हात पाठीमागे घेतले. "नको गं. माझ्या हाताने मरतं सगळं."

थंडीत ते गेले. लेकीने नळ्या विकून टाकल्या आणि मी जिन्याखाली आले.

मित्रांनो, टाक्या जपून वापरा, असं मी सांगणार नाही. टाकी फुटली तर दुसरी मिळते. पण घरातल्या म्हाताऱ्या माणसाने "का गं" म्हणून विचारलं, तर त्याला उत्तर द्या. त्या दिवशी गच्चीवर सगळं समजावून सांगायला लेकीला दोन मिनिटंसुद्धा लागली नव्हती.