सढळ हाताची रोपं

आमच्या ह्यांना उपाशी माणूस बघवत नाही, आणि ह्यांच्या मते जगातली सगळीच माणसं उपाशी असतात. कारखान्याच्या कँटीनमध्ये आयुष्यभर आचारी म्हणून राबले. तिथले कामगार म्हणायचे, ह्यांचा डाव एकदा फिरला की ताटाचा रंग कुठला ते जेवण संपेपर्यंत कळत नाही. निवृत्त झाल्यावर ती सगळी माया घरावर कोसळली. घरी खाणारी तोंडं दोन, मी आणि आमची लेक. मी शिवणकाम करते, दिवसभर मशीनपुढून हलत नाही, त्यामुळे त्या मायेचं माझ्या अंगावर काय झालं ते माझी मापाची टेपच जाणे. लेक मात्र लहानपणापासून चार घास खाऊन उठणारी. म्हणून हे तिला चिमणी म्हणतात, आणि म्हणताना सुस्कारा टाकतात.

चिमणी मोठी झाली, एका रोपवाटिकेत कामाला लागली आणि तिथंच जवळ खोली घेऊन राहू लागली. मग काय, हे रोज डबा घेऊन दारात हजर. सकाळी एक, संध्याकाळी एक. डबेसुद्धा असे गच्च, की झाकण गुडघ्याने दाबून वरून सुतळी आवळावी लागायची. एके दिवशी तिच्या कामावर, मालकीणबाईंच्या देखत, सुतळी तुटली, झाकण उडालं आणि रस्सा बियाण्यांच्या पाकिटांवर सांडला. चिमणी म्हणाली, "बाबा, उद्यापासून डबा आणू नका." आवाजसुद्धा चढवला नाही पोरीने. पण ते ह्यांच्या इतकं जिव्हारी लागलं की त्यानंतर फोनवर "बरी आहेस ना?" याच्या पुढे गाडी सरकेना. बाप इकडे गाल फुगवून, लेक तिकडे, आणि मधे मी. दोघांचे निरोप पोचवता पोचवता माझी जीभ झिजली.

असं बरेच महिने चाललं. आणि एका सकाळी चिमणी स्वतःच आली, हातात रोपांचा ट्रे घेऊन.

त्या रोपांची गोष्ट सांगायला हवी. ती पिवळ्या, गोटीएवढ्या टोमॅटोची रोपं होती. चिमणी शाळेत असल्यापासून आमच्या गच्चीवर हा टोमॅटो लावायची, दरवर्षी सगळ्यात गोड फळांचं बी राखायची आणि पुढच्या वर्षी तेच पेरायची. आता मालकीणबाईंनी तिला शब्द दिला होता, की हंगामाच्या विक्रीत एक अख्खं टेबल तुझं, तुझी रोपं तुझ्या नावाने वीक. पोरीने होतं नव्हतं तेवढं बी पेरून टाकलं होतं. आणि नेमकं त्याच वेळी तिला कामासाठी काही आठवडे परगावी जावं लागणार होतं.

"आई, तुझ्याकडे नाही ठेवत," ती माझ्या खिडकीकडे बघत म्हणाली. खिडकीत माझ्या कुंड्या होत्या. त्यातली झाडं कधीच वाळून गेली होती, मी फक्त माती सांभाळत होते. "बाबांकडे देते."

आतल्या खोलीत हे मघापासून तोंडापुढे पेपर धरून बसले होते. पेपर खाली आला.

"बाबा, नुसतं पाणी. तेही जरासं. बाकी काही करू नका, कुंड्यांत मी आल्यावर लावीन."

"तू बिनघोर जा," हे म्हणाले. इतक्या महिन्यांतलं ते सगळ्यात लांब वाक्य होतं. ती गेल्यावर माझ्याकडे वळून म्हणाले, "बघितलंस? माझ्यावर सोपवलीत." आनंदाने कानापर्यंत लाल झाले होते. मलाही बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

पण ह्यांचा सढळ हात गप्प बसेल तर शपथ. दुसऱ्याच दिवशी ट्रेमधली माती चिमटीत चोळत म्हणाले, "अगं, यात काहीच नाही. नुसता भुसा! कोवळी पोरं भुशावर ठेवलीत."

"तिने ठेवलीत ना? मग राहू देत."

"तिचं काय, ती स्वतःसुद्धा अशीच जगते."

मी गिऱ्हाइकाकडे माप घ्यायला गेले आणि परत येईपर्यंत ह्यांनी कार्यक्रम उरकला होता. गच्चीवर ह्यांचं एक पिंप आहे, स्वयंपाकघरातलं सगळं उरलंसुरलं त्यात जातं. त्या पिंपातलं काळंभोर खत, वर कुठून तरी मागून आणलेलं कोंबडीखत, अंड्यांच्या टरफलांचा चुरा. माती म्हणाल तर चवीपुरती. एकेक रोप उचलून कागदी पेल्यांत त्या मेजवानीत बसवलेलं. "आता बघ कशी बाळसं धरतात," हे म्हणाले.

रोपांनी बाळसं धरलं नाही. आधी माना टाकल्या, मग पानांच्या कडा करपल्या, माझी इस्त्री रेशमावर जास्त वेळ राहिली की कापड करपतं तशा. माती ओलीचिंब आणि रोपं मात्र तहानेल्यासारखी. मातीवर पांढरी साय धरली. आणि ह्यांचं निदान ठरलेलं, "भूक भागत नाहीये त्यांची." मग खताचं पाणी सुरू झालं. घरभर असा दर्प सुटला की एक बाई लग्नासाठी शिवलेला झगा न्यायला आली, झग्याला नाक लावलं आणि विचारलं, "हे धुतल्यावर जाईल ना?" त्या दिवशी मी ह्यांना असं काही बोलले की ते इथे सांगण्यासारखं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी रागारागाने पेले गच्चीच्या टोकाला सरकवायला गेले, आणि एका पेल्यात माझं बोट रुतलं. बोटाला ऊब लागली.

"अहो, ही माती गरम आहे."

"उन्हाने तापली असेल."

"ऊन कुठे आलंय अजून?"

ह्यांनी बोट खुपसलं. दुसऱ्या पेल्यात खुपसलं. मग पिंपात कोपरापर्यंत हात घातला आणि तसेच उभे राहिले. चेहरा असा पडला की माझी जीभ आपोआप आवरली.

"हे शिजतंय अजून," हे हळूच म्हणाले. "अगं, मी कच्चं वाढलं पोरांना."

सगळ्या आयुष्यात ह्यांच्या हातून कच्चं काही ताटात गेलं नव्हतं. भात एक कणी राहिला तर अख्खं पातेलं परत चुलीवर चढवणारा हा माणूस. पालथ्या बादलीवर बसले आणि म्हणाले, "आता पोर माझ्यावर काडीचाही भरवसा ठेवायची नाही."

खरं म्हणजे मलाही तीच धास्ती होती. टेबल गेलं तर पुढच्या वर्षी मिळेल. बी संपलं तरी पोर दुसरं काही पेरील. पण हा ट्रे म्हणजे तिने पुढे केलेला हात होता, आणि तोच आम्ही भाजून ठेवला होता.

"फोन करा तिला," मी म्हटलं.

"तू कर."

"मी निरोप्याचं काम सोडलं. आजपासून."

ह्यांनी फोन लावला. काही लपवलं नाही. पिंप, कोंबडीखत, खताचं पाणी, सगळं सांगून टाकलं. मीही फोनला कान लावला. मग चिमणीचा आवाज आला, कोरडा, कामाचा. "शेंडा हिरवा आहे अशी किती आहेत?"

"बरीच. निम्म्याहून जास्त."

"ती काढा. मुळं साध्या पाण्यात विसळा. रेती आणि एखादी जुनी, कस गेलेली माती घ्या, त्यात पानांपर्यंत खोल पुरा. टोमॅटोला खोडातूनही मुळं फुटतात. सावलीत ठेवा. आणि बाबा, त्यानंतर काही घालू नका. काहीही."

कस गेलेली माती! आमच्या घरात ती कुठे असणार हे सांगायला नको. ह्यांनी माझ्या खिडकीतल्या कुंड्या एकामागून एक पालथ्या केल्या. जन्मभर माझ्या हलगर्जीपणाला बोल लावणारा माणूस ती माती चाळताना म्हणत होता, "वा, काय माती आहे! काही म्हणजे काही नाही हिच्यात." अशी स्तुती माझी कुणी केली नव्हती.

मग आम्ही कामाला बसलो. हे चमच्याने रोप उचलायचे, पानाला धरून, खोडाला बोट न लावता. मी पसरट भांड्यात मुळं विसळायची. काळं पाणी ओतायचं, स्वच्छ घ्यायचं. बाजूला ह्यांनी नवे पेले घेऊन त्यात रेतीमातीचं मिश्रण भरून ठेवलेलं. करपलेली पानं मी शिवणाच्या छोट्या कात्रीने छाटली. सगळा ताफा माझ्या मशीनजवळच्या सावलीतल्या खिडकीत आला, वर मलमलीच्या उरलेल्या तुकड्यांचा पडदा. रेतीत पुरलेली ती टिचभर रोपं बघून हे म्हणाले, "कशी दिसतात गं. अनाथ."

खरं अवघड काम इथून पुढे होतं. काहीच न करण्याचं.

हे खिडकीपुढून हलेनात. एकदा दुधाचं पातेलं विसळलेलं पाणी घेऊन दबक्या पावलांनी येताना पकडले गेले. "यात काही नाही, नुसतं पांढरं आहे," म्हणाले. मी ते पातेलं काढून घेतलं आणि ह्यांच्या हातात उसवायचे कपडे दिले. शिवण उसवणं हे हाताला गुंतवून ठेवणारं काम आहे, जोर लावला की कापड फाटतं. हे मुकाट्याने शेजारी बसून एकेक टाका उसवत राहिले. मधेच मान वर करून रोपांकडे बघायचे. माझा सुटी बटणं ठेवायचा चपटा डबा उघडून बटणं रंगांप्रमाणे लावून दिली, तीही दोनदा. इतकी वर्षं संसार झाला, पण हा माणूस माझ्याजवळ इतका वेळ रिकाम्या हाताने कधी बसला नव्हता. मला ते आवडलं, आणि मी ह्यांना तसं सांगितलंही.

काही रोपं गेलीच. बाकीची नुसतीच उभी होती, ना जगतात ना मरतात. आणि एका सकाळी ह्यांनी मला इतक्या जोरात हाक मारली की सुई बोटात घुसली. एका रोपाच्या शेंड्याला नवं पान आलं होतं. तांदळाएवढं, हिरवंगार, कडा शाबूत. मग बाकीच्यांनीही धीर केला.

चिमणी आली ती चपला न काढताच खिडकीकडे गेली. मलमल उचलली. रोपं ठेंगणी होती, पण खोडं जाड आणि पानं गडद. तिने एक पेला उलटा करून अलगद मातीचा गोळा तळहातावर घेतला. पांढऱ्या मुळांचं जाळं झालं होतं. माझा जीव भांड्यात पडला.

"काय घातलंत, बाबा?"

"काही नाही."

"काहीच नाही?"

"विचार तुझ्या आईला!" हे छाती पुढे काढून म्हणाले. कँटीनमध्ये हजारो पानं उठवली तेव्हासुद्धा इतका तोरा मी पाहिला नव्हता.

चिमणी हसली. मग माझ्या मशीनच्या स्टुलावर बसली आणि म्हणाली, "थोडी कमी आहेत, पण टेबल भरेल." ह्यांच्याकडे बघून म्हणाली, "भूक लागलीय मला."

ह्यांनी पातेलं आणून मधे ठेवलं. डावाचा दांडा तिच्याकडे केला आणि स्वतःचे दोन्ही हात मांडीखाली दाबून बसले. चिमणीने आपल्या हाताने वाढून घेतलं. संपवलं. परत घेतलं. ह्यांचे डोळे भरून आले. त्यांनी ते पुसले नाहीत, हात मांडीखालीच होते ना.

निघताना ती दारात म्हणाली, "उद्या विक्री सुरू होतेय, दिवसभर उभं राहायचंय. डबा आणाल? लहान."

ती गेली आणि हे स्वयंपाकघरात फळ्या धुंडाळू लागले. एकेक डबा काढून बघायचे, परत ठेवायचे. लहान डबा आमच्या घरात नव्हताच कधी. मी माझा बटणांचा डबा उचलला, रंगांप्रमाणे लावलेली बटणं पिशवीत ओतली, डबा घासून पुसून ह्यांच्या पुढे ठेवला.

सकाळी हे डबा घेऊन निघाले तेव्हा मी हातात घेऊन बघितला. झाकण आपलं आपण बसलं होतं. सुतळी नव्हती.