जवसाची चटणी

सासूबाईंच्या तोंडाची चव गेली ती मोठ्या तापात. थोरलीनं काय काय करून घातलं, पण ताट अर्धं तसंच परत यायचं. मग एका सकाळी धाकट्या जावेनं माहेराहून आणलेले जवस भाजले, सुक्या मिरच्या, लसूण, जिरं नि मीठ घालून चटणी कुटली आणि गरम भातावर तेलाची धार सोडून सासूबाईंपुढे ठेवली. त्यांनी वाडगा पुसून खाल्ला. वर दुसऱ्या दिवशीही मागितली.

झालं, घरात धाकटीचा उदोउदो सुरू झाला. आईला हिनं जेवतं केलं, असं दीर येईल-जाईल त्याला सांगू लागला. खुद्द थोरलीच्या नवऱ्यानं, बायकोसमोर, चटणी आणखी मागून घेतली. थोरलीच्या अंगाचा तिळपापड झाला. इतकी वर्षं चुलीशी ती राबली आणि आयत्या बिळावर हा नागोबा येऊन बसला होता.

चटणीत असं काय मोठं, म्हणून धाकटी कामावर गेल्यावर तिनं स्वतः जवस कढईत टाकले. आच मोठी होती आणि मन भलतीकडेच. दाणे तडातडा उडाले, ओट्यावर सांडले, बघता बघता करपले. चिमूटभर जिभेवर ठेवले तर कडूजहर. ते टाकून द्यायला ती उठली, पण समोर फळीवर धाकटीची बरणी दिसली. थोरलीनं करपल्या दाण्यांचीच चटणी कुटली, बरणीतली चांगली चटणी कचऱ्यात ओतली आणि ही तिच्यात भरली.

रात्री पहिल्याच घासाला दिराचं तोंड वाकडं झालं. थोरलीच्या नवऱ्यानं पाण्याचा पेला उचलला. धाकटीनं बोटावर चटणी घेऊन चाखली. मग आपलीच आच मोठी झाली असेल, असं म्हणून तिनं सगळ्यांची माफी मागितली. सासूबाई मात्र खाली मान घालून जेवत होत्या. भात संपला, चटणीही संपली.

थोरलीला राहवलं नाही. त्यांना हात धुवायला नेताना तिनं विचारलं, "आई, तुम्हाला कडू नाही लागली?"

"मला कुठली चव कळते? राख घातलीस तरी सारखीच."

"मग रोज तीच का मागता?"

"तिच्याकडे या घरात कधी कुणी काही मागितलंय का? सगळं तूच करतेस. तिच्या हातचंही कुणी मागावं, नाही वाटत तिला?"

थोरलीला वाटलं होतं, धाकटीच्या हाताला खरंच चव असेल, तेच आपल्याला सलतंय. आता कळलं की सासूबाई चवीशिवाय, केवळ धाकटीच्या मनासाठी रोज घास गिळतात. हे जास्तच झोंबलं. आपल्यासाठी कुणी असं कधी काय गिळलं होतं?

स्वयंपाकघरात धाकटी बरणी घासत होती. मागे न वळताच ती हळू म्हणाली, "ताई, जवस मंद आचेवर भाजायचे. घाई केली की करपतात."

थोरलीची कानशिलं तापली. हिला सगळं कळलं होतं, तरी हिनं चारचौघांत दोष स्वतःवर घेतला. तिथेही हीच वरचढ. आणि हिचा तोरा एका वाक्यात उतरवता येईल असं वाक्य थोरलीच्या जिभेवर होतं: आईंना चव कळतच नाही, तुझी चटणी नि माती त्यांना सारखीच. तिनं तोंड उघडलंही.

तेवढ्यात धाकटीनं ओल्या हातानं केस मागे सारत विचारलं, "उद्या ताजी करीन. आईंना मिरची जास्त तर नाही ना होत? मला त्या कधी सांगत नाहीत."

थोरलीनं तिच्याकडे पाहिलं. हिला बाकी सगळं कळलं होतं, आईंना चव लागत नाही एवढंच ठाऊक नव्हतं.

"नाही होत," ती म्हणाली. "आवडते त्यांना. आहे तशीच कर."

शब्द करपल्या जवसासारखे कडू लागले, पण ती ते बोलली. मग फडकं घेऊन ओट्याच्या कोपऱ्यात राहिलेले दाणे टिपत बसली, धाकटीकडे पाठ करून.