बाटलीतली थुंकी

आणीबाणीचं दुसरं साल. केनवडात माणसं सापापेक्षा डॉक्टरच्या सुईला जास्त भ्यायची. नसबंदीची जीप दिसली की धडधाकट बाप्ये तुरीत शिरायचे. त्यामुळे गावातल्या खेमचंदशेठचा पुतण्या हुकूमचंद, नागपूरला डॉक्टरी करणारा, सुई न घेता आला तेव्हा कोणाला खरंच वाटेना. त्याला फक्त बाटलीत थुंकी हवी होती. अंगात किती शिसं मुरलंय ते रक्ताऐवजी लाळेतून कळतं का, हे त्याला बघायचं होतं.

कल्हईवाला इब्राहीम त्याच्या यादीत पहिला. महिनाभर इब्राहीमच्या पोटात कळा येत होत्या, आणि भांडं धरताना उजवा पंजा लुळा पडायचा. हुकूमचंदनं साफ सांगून टाकलं, लाळेत शिसं निघालं तर भट्टी बंद. ते ऐकून हुस्नाबानोचं धाबंच दणाणलं. बारा वर्षं तिनं नवऱ्याशेजारी बसून भाता ओढला होता. बाजारच्या दिवशी भट्टीभोवती बायांची गर्दी झाली की तिची मान ताठ व्हायची. भट्टीवाचून इब्राहीम काय करणार, हा विचारही तिला सोसवेना. त्यात तिला पाचवा महिना होता.

आणि इब्राहीमची ती खोड! कथलाची कांडी विकत घेतली की तो आधी दाढेखाली धरायचा. चोख कथील दाताखाली करकरतं, शिसं मिसळलेलं मुकाट दबतं. थुंकी द्यायच्या सकाळीच त्यानं तीन कांड्या चावल्या होत्या. दोन मुकाट दबल्या, आणि व्यापाऱ्याला शिव्या देत त्यानं त्याच कांड्या भट्टीवर वितळवल्या. शिसं तोंडानंच आत जात असणार, असा हुस्नाबानोचा हिशेब. तिनं तर कधी कांडीला जीभ लावली नव्हती. भोळी बाई, नाकात जाणारा धूर तिनं हिशेबात धरलाच नाही.

इब्राहीमनं भरून ठेवलेली बाटली तिनं कुडाआड नेऊन ओतली, स्वच्छ धुतली. हुकूमचंदनं सांगितल्यासारखी तीनदा चूळ भरली. पण भीतीनं तोंडाला कोरड पडलेली, थुंकी काही येईना. गल्लीच्या तोंडाशी हुकूमचंदच्या सायकलची घंटी वाजली. तिनं डोळे मिटून हिरवी चिंच आठवली, मीठ लावलेली. बाटली कशीबशी भरली आणि बूच लावलं.

तीन आठवड्यांनी हुकूमचंद परत आला तो कागद घेऊनच. बसायला सांगितलं तरी बसला नाही.

"इब्राहीमभाई, भट्टी आजच बंद करा. इतकं शिसं मी आतापर्यंत कोणाच्याच थुंकीत पाह्यलं नाही."

हुस्नाबानोला आधी वाटलं, हा कागद कोणा दुसऱ्याचा असेल. मग आठवलं, बाटलीतली थुंकी तर तिचीच होती. हुकूमचंद तिच्याकडे वळून समजुतीनं म्हणाला, "भाभी, तुमी भात्यापाशी बसू नका. आईच्या अंगातलं शिसं पोटातल्या लेकरात उतरते. तुमच्या अंगात नसंन तर नशीब समजा."

गप्प राहिली असती तर कोणालाच काही कळलं नसतं. भट्टी तर बंदच होणार होती, मग नवऱ्यासमोर खोटं पडायचं कशाला? पण तिचा हात पोटावर गेला होता, तो निघेना.

"डॉक्टरसाब," ती म्हणाली, "थे थुंकी माही आहे. ह्यायची मी फेकून देली."

इब्राहीमनं तिच्याकडे असं पाहिलं की तिला जमिनीत शिरावंसं वाटलं. काहून केलं, एवढंच त्यानं विचारलं. बाह्या कोपरावर सारून तिनं दोन्ही हात हुकूमचंदपुढे धरले.

"थुंकी बदलता येते. आता रक्त काढा माहं, आन् सांगा."

सुई आणायला हुकूमचंद घाईघाईनं सायकलवर निघाला. इब्राहीम उठला, लुळ्या हातानं जमेना म्हणून डाव्या हातानं घागर उचलली आणि पेटत्या भट्टीवर सगळं पाणी ओतलं.